फोटो का छापला नाही

(मंडळाच्या वसंत व्याख्यानमालेत रुग्णसेवा समितीतर्फे केलेले भाषण)



रुग्णसेवा समितीने गेल्या वर्षी काय केले, ते आज सांगावे अशी कार्यकारिणीची सूचना आहे. हिशेब अहवालात छापला जाणारच आहे, म्हणून आकडे थोडेच सांगू. आमच्या हातून एक चूक झाली, ती मात्र सविस्तर सांगणार आहोत. अहवालात चुकीचा रकाना नसतो.

आपल्यापैकी बहुतेकांना एवढे माहीत आहे, की येमेनहून एक सतरा वर्षांची मुलगी आईसोबत हैदराबादला आली होती. मंडळाच्या मागच्या इमारतीतली पाहुण्यांची खोली आपण त्यांना साडेचार महिने दिली. तिच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. खर्चाचा मोठा भाग एका धर्मादाय ट्रस्टने उचलला, उरलेल्याला आपण हातभार लावला. मुलीचे नाव आम्ही सांगणार नाही. कारण पुढे येईलच.

दीड वर्षाची असताना तिच्या उजव्या डोळ्याला कर्करोग झाला. डॉक्टर त्याला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा हा रोग लहान मुलांनाच होतो, बहुधा पाच वर्षांच्या आत. वेळेवर कळला तर मूल वाचते, पुष्कळदा डोळाही वाचतो. हिच्या बाबतीत उशीर झाला. डोळा काढावा लागला आणि नंतर किरणोपचार द्यावे लागले. मूल वाचले. पण वाढत्या वयात किरण दिलेली हाडे नीट वाढत नाहीत. डावी बाजू वयाबरोबर वाढली, उजवी कानशिलापाशी खोल गेली. खोबणी आकसली. त्यामुळे कृत्रिम डोळा बसवला तरी तो टिकेना, गळून पडे.

आता तिच्या गावची रीत लक्षात घ्या. मुलगी वयात आली की बाहेर जाताना चेहरा झाकते. सगळा चेहरा झाकला जातो आणि दिसतात ते फक्त डोळे. जे व्यंग इतर कुठल्याही मुलीला थोडेफार लपवता आले असते, ते हिच्याकडे एवढेच दिसणारे उरले. दहावीनंतर तिने शाळा सोडली होती.

हैदराबादेत आखातातून आणि आफ्रिकेतून रुग्ण येतात, हे आपण रस्त्यावर रोज पाहतो. पण खिशात पैसे नसलेला परदेशी रुग्ण ही वेगळी गोष्ट. इथल्या गरिबाला आरोग्यश्री आहे, सरकारी दवाखाना आहे, नातेवाईक आहेत. परदेशी माणसाला यातले काही नाही. रुग्णालयाने प्रथम दिलेले एस्टिमेट ७,२०,००० रुपयांचे होते. शस्त्रवैद्यांनी आपली फी सोडली, तेव्हा ते ५,१०,००० वर आले. ट्रस्टने ३,५०,००० मंजूर केले. राहिले १,६०,००० आणि राहण्याजेवण्याची सोय. रुग्णालयाच्या समाजसेविका आपल्याच एका सभासद भगिनीच्या शेजारी राहतात, त्यांच्यामार्फत हा विषय मंडळाकडे आला.

कार्यकारिणीत त्यावर दोन तास चर्चा झाली. एका ज्येष्ठ काकांनी स्पष्ट विचारले, ‘आपल्या माणसांना पुरत नाही, तिथे परदेशातल्या मुलीला कशाला?’ प्रश्न गैर नव्हता. आमचे उत्तर एवढेच होते, की मंडळाच्या नेहमीच्या रुग्णनिधीला हात लावायचा नाही, यासाठी वेगळे पैसे गोळा करायचे. काका म्हणाले, ‘मग खातेही वेगळे ठेवा आणि प्रत्येक पावती मला दाखवा.’ त्यांनी स्वतः एक रुपया दिला नाही, पण साडेचार महिने एकही पावती त्यांच्या नजरेतून सुटली नाही. आज हिशेब पैशापैशाला जुळतो, त्याचे श्रेय त्यांचे आहे.

कागदपत्रांचेही दोन शब्द सांगतो, इतर मंडळांना उपयोगी पडतील. परदेशी माणूस आपल्या जागेत राहायला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, मग ते हॉटेल असो की मंडळाची खोली. दुसरे म्हणजे अमेरिकेत स्थायिक होऊन तिथले नागरिक झालेले आपले एक माजी सभासद पैसे पाठवायला तयार होते. ते घेता आले नाहीत, कारण परदेशी नागरिकाची देणगी घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते आणि आपल्या मंडळाकडे ती नाही. दुबईतल्या भाच्याचे पैसे मात्र घेता आले. त्याचा पासपोर्ट भारतीय आहे आणि रक्कम त्याच्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत आली. आमच्यापैकी बरेचजण सरकारी नोकरीतले, त्यामुळे फायलीची भीती वाटली नाही. ज्याची भीती वाटायला हवी होती, तिकडे आमचे लक्ष नव्हते.

भाषेची अडचण बारकसच्या एका आजींनी सोडवली. निजामाच्या फौजेतल्या अरबांची वस्ती म्हणजे बारकस, नावच बराकींवरून पडलेले. आजींचे आजोबा हद्रमौतहून आले होते. आजी अरबी बोलतात, आणि आमच्याशी बोलताना अस्सल दखनी. आम्ही सगळे त्यांना खाला म्हणू लागलो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या बस बदलून येत. भाड्याचे पैसे देऊ केले तर म्हणत, ‘नक्को, रख लो.’

आता चूक.

ट्रस्टच्या अर्जाला जोडायला रुग्णालयाने मुलीचे फोटो काढले होते. पट्टी काढून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. डॉक्टरांना ते लागतातच. ती फाईल आईने आमच्या हाती दिली. १,६०,००० कसे उभे करायचे, या चिंतेत आम्ही होतो. कोणीतरी म्हणाले, नुसते लिहून कोण वाचते? फोटो टाका. आम्ही तो समोरचा फोटो घेतला, त्याखाली चार ओळी आणि खात्याचा नंबर घातला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सोडला. चार दिवसांत २,१४,५०० रुपये जमले. आम्ही एकमेकांचे अभिनंदन केले. पेढेही वाटले, खोटे कशाला सांगू.

पाचव्या दिवशी मुलगी रक्ततपासणीसाठी रुग्णालयात गेली. रांगेत शेजारी बसलेल्या बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिले, मोबाइल काढला आणि तिच्यापुढे धरला. बाई वाईट नव्हत्या. ‘ही तूच ना, मी पाचशे रुपये पाठवले,’ असे त्यांना सांगायचे होते. मुलीला हिंदी कळत नव्हते, फोटो कळला.

ती खोलीत परत आली आणि दार लावून बसली. दोन दिवस जेवली नाही. शस्त्रक्रिया नको, घरी जायचे, एवढेच म्हणत राहिली. शस्त्रक्रियेची तारीख आठ दिवसांवर होती.

आम्ही खालांना बोलावले. त्या तासभर आत बसल्या. बाहेर येऊन आमच्याकडे पाहून म्हणाल्या, ‘उससे पूछे थे क्या तुम लोगां?’

आम्ही म्हणालो, आईची संमती होती.

‘माँ से नहीं, उससे पूछे थे क्या?’

विचारले नव्हते. आम्ही नऊ जण समितीवर. त्यात दोन निवृत्त शिक्षक, एक परिचारिका, तीन मुलींचे बाप. नऊपैकी एकालाही तिला विचारावे असे सुचले नव्हते. आईलाही फोटो अर्जासाठी मागितला होता, शहरभर फिरवण्यासाठी नव्हे. तेव्हा आईची संमती होती, हेसुद्धा अर्धेच खरे.

दुसऱ्या दिवशी आमच्यातले तिघे खालांना घेऊन तिच्याकडे गेलो. माफी मागितली. ती खाली पाहत होती. मग तिने एकच विचारले, ‘आता तो फोटो परत घेता येईल का?’ ‘होईल’ असे खोटे सांगणे सोपे होते. आम्ही सांगितले, की ज्यांना आम्ही पाठवला त्या सगळ्यांना पुसून टाका म्हणून कळवू, पण पुढे कुठे कुठे गेला असेल ते आमच्या हातात नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. संध्याकाळी आईने निरोप दिला की पोरगी जेवली. आणखी दोन दिवसांनी ती शस्त्रक्रियेला तयार झाली. आमच्या माफीमुळे झाली, असा आमचा समज नाही. ती दोन विमाने बदलून इतक्या लांब डोळ्यासाठी आली होती. निर्णय तिचा होता.

शस्त्रक्रियेबद्दल थोडे सांगायला हवे, कारण ‘प्लास्टिक सर्जरी’ म्हटले की आपल्याला सिनेनट्या आठवतात. ही विद्या आपल्या घरची आहे. सुश्रुतसंहितेत कापलेले नाक गालाच्या कातडीने जोडण्याची कृती आहे, हे आपण ऐकतो. पण पुण्याची गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग १७९३ मध्ये पुण्याजवळच्या कुंभार-वीटकरांपैकी एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. नाकाच्या जागी मेणाचे पातळ पान बसवून माप घेतले, ते कपाळावर पसरून रेघ आखली, तेवढी कातडी सोडवली. दोन डोळ्यांच्या मधली पट्टी मात्र तोडली नाही, म्हणजे रक्त चालू राहिले. कातडी खाली वळवून नाकावर बसवली. वर पाण्यात भिजवलेल्या काताचा लेप, चार दिवसांनी तुपात बुडवलेल्या कापडाच्या घड्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती मधली पट्टी कापली. इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली, १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, आणि ही पद्धत युरोपभर गेली. आजही कर्करोगामुळे नाक गेले तर कपाळाची कातडी वळवतात आणि पट्टी सुमारे तीन आठवड्यांनी कापतात.

या गोष्टीतली एक बाजू आम्हाला पूर्वी कधी टोचली नव्हती. कावसजीचे नाव आणि त्याचा चेहरा दोनशे वर्षे जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत छापला जातो आहे. ज्याने हे केले त्या पुण्याच्या कारागिराचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. ज्याला मदत मिळाली त्याचा चेहरा सगळ्यांना हवा असतो.

आपल्या पाहुणीचे काम कपाळावर भागणारे नव्हते. किरण दिलेल्या जागी रक्तवाहिन्या कमी उरतात, तिथे जोडलेले कातडे सहज जगत नाही. म्हणून आधी एमआरआय करून पुन्हा रोग नाही याची खात्री केली. मग तिच्या मनगटाच्या वरची कातडी रक्तवाहिन्यांसकट काढली आणि त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली चेहऱ्याच्या वाहिन्यांना जोडल्या. नऊ तास लागले. पहिले दोन दिवस परिचारिका दर तासाला येऊन जोडलेल्या कातडीचा रंग पाहत. पाचव्या दिवशी एक कड काळी पडली. तेवढा भाग काढावा लागला, आणि गालाच्या आतले अस्तर घेऊन खोबणी पुन्हा शिवावी लागली. ६८,००० चा खर्च वाढला. म्हणजे आमच्या वाट्याचे २,२८,००० झाले, जमलेले २,१४,५००. उरलेले १३,५०० समितीच्या नऊ जणांनी प्रत्येकी १,५०० प्रमाणे भरले.

गालाच्या आतून अस्तर घेतल्यामुळे दहा दिवस तिला मऊ आणि कोमटच खायचे होते. इथे आपल्या भगिनी मंडळाने जे केले त्याला तोड नाही. पातळ मुगाची खिचडी, गुरगुट्या भात, नाचणीची पेज, पाळीपाळीने डबा गेला. मेतकूट मात्र तिने एकदा चाखून हळूच बाजूला ठेवले, हेही नोंदवायला हवे. तिसऱ्या वेळी पोटाची चरबी काढून कानशिलाचा खड्डा भरला. खोबणी पुन्हा आकसू नये म्हणून आत प्लॅस्टिकची वाटी ठेवली होती.

शेवटचे काम कृत्रिम डोळ्याचे. मेणाचा साचा घेऊन अ‍ॅक्रिलिकचा डोळा ओततात. समोरच्या डोळ्याकडे पाहत पाहत बाहुलीभोवतीचा रंग हाताने भरतात. पांढऱ्या भागातल्या शिरा दाखवायला लाल रेशमाचे बारीक धागे लावतात. गणपतीच्या मूर्तीचे डोळे लिहिणारे कारागीर आपण पाहिले आहेत, हे काम त्याच सबुरीचे.

या डोळ्यासाठी २२,००० हवे होते. या वेळी आम्ही फोटो न घालता आवाहन केले. वय नाही, देश नाही, फक्त गरज लिहिली. ते २२,००० जमायला पाच आठवडे लागले. चार दिवसांत दोन लाख आणि पाच आठवड्यांत बावीस हजार. हे मुद्दाम सांगतो, कारण फोटो न छापणे फुकट पडत नाही. त्या पाच आठवड्यांत दोनदा आमच्यातच वाद झाला, की एक फोटो, निदान अर्धा, निदान पाठमोरा. व्हिसाची मुदत जवळ येत होती. तरी आम्ही थांबलो.

त्या दिवसांत आमच्यातल्या एका शिक्षकांनी हिरोशिमाच्या मुलींची गोष्ट सांगितली. अणुबॉम्बने भाजलेल्या २५ तरुणींना १९५५ मध्ये शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत नेले. तानिमोतो नावाचे हिरोशिमाचे पाद्री आणि नॉर्मन कझिन्स नावाचे संपादक यांनी पैसा आणि माणसे उभी केली. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयाने खाटा फुकट दिल्या, डॉ. बार्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फी घेतली नाही, मुली क्वेकर पंथाच्या कुटुंबांत घरच्यासारख्या राहिल्या. सव्वाशेहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यातली एक मुलगी शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय बंद पडून गेली, तेही विसरता येत नाही. त्या मुलींपैकी दोघी अमेरिकन टीव्हीवर आल्या, तेव्हा त्यांना पडद्याआड उभे केले होते. प्रेक्षकांना फक्त सावल्या दिसल्या. तरीही लोकांनी पैसे पाठवले. शिक्षक म्हणाले, सत्तर वर्षांपूर्वी त्यांना पडदा सुचला, आपल्याला का नाही सुचला?

डोळा बसवला त्या दिवशी काय झाले, असे पुष्कळजण विचारतात. फार काही झाले नाही. तिने आरसा घेतला, उजवीकडून पाहिले, डावीकडून पाहिले आणि आईला काहीतरी म्हणाली. खालांनी सांगितले, ‘बोल रही, थोडा नीचे है.’ खरेच आहे, उजवा डोळा किंचित खाली आहे. तो हलत नाही, पापणी पूर्ण मिटत नाही. डॉक्टरांनीही बरोबरीचा चेहरा होईल असे कधी म्हटले नव्हते. पण पट्टी गेली. जाण्याआधी ती आईला आणि भगिनी मंडळातल्या दोघींना घेऊन लाड बाजारात गेली आणि तासभर घासाघीस करून लाखेच्या बांगड्या घेतल्या. घासाघीस तिने स्वतः केली, बोटांनी आकडे दाखवून.

विमानतळावर निघताना तिने आपल्या भगिनींसोबत एक फोटो काढला, स्वतःच्या मोबाइलवर. स्मरणिका समितीने आमच्याकडे तो मागितला आहे. आम्ही खालांमार्फत तिला विचारले. ती ‘नाही’ म्हणाली. म्हणून या मजकुरासोबत फोटो नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

सभासदांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. एक, मंडळाच्या कोणत्याही मदत-आवाहनात रुग्णाचा चेहरा छापायचा नाही. रुग्ण जाणता असेल आणि त्याने स्वतः, त्याच्या भाषेत, होकार दिला असेल तरच अपवाद. आईबापांचा होकार तेवढ्यावर पुरा धरायचा नाही. दोन, मदत घेतली म्हणून कोणाला व्यासपीठावर बोलावायचे नाही. शिलाई यंत्र देतानाही नाही. तीन, कृत्रिम डोळ्याला वर्षातून एकदा पॉलिश लागते आणि काही वर्षांनी तो बदलावा लागतो. तिचे वय सतरा आहे. शस्त्रक्रियेला पैसे देणारे मिळतात, सात वर्षांनी डोळा बदलायला कोणी मिळत नाही. त्यासाठी वेगळ्या खात्यात दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवावी, आणि ते खाते त्याच काकांकडे द्यावे. ते नाही म्हणत आहेत, पण आपण सर्वांनी आग्रह धरावा.

आता शेवटचे, आणि हे घरी जाऊन आजच करायचे आहे. आपल्या घरात, शेजारी, कामवाल्या ताईंकडे पाच वर्षांच्या आतले मूल असेल, तर त्याचे मोबाइलमधले फोटो उघडून पाहा. फ्लॅशमध्ये बाळाची बाहुली काळी किंवा लालसर दिसते. एका डोळ्याची बाहुली पुन्हा पुन्हा पांढरी, मांजराच्या डोळ्यासारखी चमकताना दिसली, किंवा डोळा तिरळा होऊ लागला, तर ‘मोठेपणी जाईल’ म्हणू नका. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पुष्कळदा काही निघत नाही. पण निघाले, तर त्या आठवड्याची किंमत फार मोठी असते. आपल्या पाहुणीच्या आईकडे तिचा पहिल्या वाढदिवसाचा एक फोटो आहे. त्यात उजवा डोळा पांढरा चमकतो आहे. घरच्यांना वाटले, उजेड पडला असेल.

त्या माउलीने तो फोटो आम्हाला दाखवला आणि सांगितले, हा दाखवू नका, पण हे सगळ्यांना सांगा. या वेळी आम्ही मुलीलाही विचारले. तिने ‘सांगा’ म्हटले. म्हणून सांगितले.

गणपती बाप्पा मोरया.